तिसऱ्या दिवसाची हवा

बाबा, आज धायरीहून परत आले आणि पर्स खांद्यावरून काढायच्या आधीच लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुसरं सांगू कुणाला? ज्यांना हे ठाऊक आहे ते बोलत नाहीत, आणि जे ऐकून घेतील त्यांना काही ठाऊक नाही. मी अगदी टेकीला आले आहे.

तुम्ही हवामानाच्या कचेरीत, म्हणून आख्खी आळी तुमची टिंगल करायची. शेजारचे काका सकाळी दारातूनच विचारायचे, "आज ऊन सांगितलंय ना? मग छत्री घेतो." तुम्हीही हसायचात. मी कॉलेजात असताना एका रविवारी मात्र साध्या कपड्यांतली दोन माणसं आली आणि तुम्ही अर्ध्या जेवणावरून उठून त्यांच्या गाडीत बसून गेलात. संध्याकाळी परतलात, कुठे गेला होतात ते सांगितलं नाहीत. आणि मग तिसरा दिवस. आई पोळ्या लाटते आहे, मला कॉलेजची घाई आहे, आणि तुम्ही ओट्यापाशी उभे राहून उगाच खिडकीतून वर बघताय. "आता खाली आले असतील," तुम्ही म्हणता. आई विचारते, "अहो, कोण?" तुम्ही म्हणता, "भाजीत मीठ कमी आहे."

ती माणसं खाली आलीच नाहीत. पेपरात चार ओळी आल्या: सरावाला गेलेली सैनिकांची तुकडी बर्फात गाडली गेली, हवामानाचा अंदाज चुकला. कुणी पाठवलं, कशासाठी पाठवलं, काही नाही. पुण्याला हे लगेच पटलं. अंदाज चुकला म्हटल्यावर इथे पुढचं कोण विचारतंय? काकांनी त्या दिवसापासून छत्रीचा विनोद बंद केला, आणि ते मला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात तुमचा विसरलेला डबा द्यायला मी कचेरीवर आले, तर फाटकाशी धायरीची एक शेतकरी बाई उभी. त्या तुकडीतल्या एका जवानाची आई. पहारेकरी तिला हाकलत होता आणि ती ओरडत होती, "हवा सांगनारा कोन हाय, त्याला भायेर काढा!" तुम्ही जिना उतरून सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहिलात. म्हणालात, "मीच तो." तिने तुमचा सदरा धरून तुम्हाला गदागदा हलवलं. "आभाळ कळत न्हाई तर खुर्चीवर बसतोस कशाला? माझं पोर खाल्लंस!" तुम्ही सदरा सोडवूनही घेतला नाहीत. घरी आल्यावर मी चिडून विचारलं, खरंच तुमची चूक होती का? "मला जे विचारलं त्याचं उत्तर मी दिलं. तू पुढचं विचारू नकोस." यातून हो समजायचं की नाही, ते तुम्ही गेलात तरी मला कळलं नव्हतं.

गेल्या महिन्यात वारज्याहून निरोप आला. त्या रविवारी तुम्हाला न्यायला आलेल्या दोन माणसांतले एक साहेब, गुप्तचर खात्यातून कधीच निवृत्त झालेले, आता अंथरुणाला खिळलेले. मला समोर बसवून म्हणाले, "तुमच्या वडिलांनी दोनच दिवसांची खात्री दिली होती. तिसऱ्या दिवशी वर कुणीही राहता कामा नये, असं बजावलं होतं. पण हद्दीपलीकडचं काम दोन दिवसांत उरकणारं नव्हतं. आम्ही दिल्लीला एवढंच कळवलं, की हवा स्वच्छ आहे." मी म्हणाले, धायरीला चला, निदान त्या बाईंना सांगा. ते जमत नसेल तर लिहून द्या. "ताई, ती मोहीम झालीच नाही. न झालेल्या गोष्टीची जबाबदारी कोण घेणार?" मी म्हटलं, "मग न झालेल्या गोष्टीत माझे वडील चुकले कसे?" त्यावर त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी चहा न घेता उठले. परवा ते साहेबही गेले. आता हे सांगणारं तोंडच उरलं नाही, बाबा. माझं कोण खरं मानणार?

म्हणून आज एकटीच धायरीला गेले. त्या जवानाच्या आईच्या शेताच्या जागी इमारत उभी आहे, त्या आता आजी होऊन नातवाच्या घरी असतात. ऐकू नीट येतं. मी सगळं सांगितलं. माझे वडील चुकले नव्हते, आजी, त्यांनी बजावलं होतं. आजींनी विचारलं, "मंग कुनी मारलं?" काय सांगणार? एक साहेब, जे परवा गेले. त्यांच्या वरचे कुणीतरी, त्यांच्याही वरचे कुणीतरी. "म्हंजी कुनीच न्हाई," त्या म्हणाल्या. आणि एकदम रडायला लागल्या. "समदे तोंड लपवून बसले, तुजा बाप तेवढा म्होरं आला. त्याला शिव्या देऊन देऊन म्या इतकी वर्सं घास गिळलाय. आता त्योबी काढून न्हेतीस व्हय? मंग म्या कुनाला बोलू?"

बाबा, त्या दिवशी कचेरीचा जिना उतरताना हे तुम्हाला ठाऊक होतं का? आपणहून तिच्या हाती लागलात का? की नुसते गुप्ततेच्या शपथेला बांधलेले होतात? मला तुमचा राग येतो, त्या साहेबांचा येतो, आणि तिचा आणता येत नाही म्हणून आणखी येतो. हे पत्र टाकायला पेटी नाही. उद्या फाडून टाकीन.

त्याआधी एकच. आजींचं रडणं थांबेना, तेव्हा मी म्हणाले, "आजी, माझीच गफलत झाली असेल. चूक माझ्या वडिलांचीच होती." त्यांनी डोळे पुसले, म्हणाल्या, "त्येच म्हनते म्या," आणि नातसुनेला मला चहा द्यायला सांगितलं. तो मी प्यायले, बाबा.