होणाऱ्या सासऱ्याची झडती

ती. मावशीस,

लांबूनच पाया पडतो. (जवळ असतो तर तू आधी कान धरला असतास.) तुझा गुडघा बरा असेल. नसला तरी तू कुठे त्याचं ऐकतेस! मी ठणठणीत.

नोकरी झकास चाललीय. विमानतळावर लोकांचे पट्टे-बूट उतरवायचे, बॅगा उपसायच्या, दिवसभर बूड टेकायचं नाही. पायाला भिंगरी लागलेल्या माणसाला आणखी काय हवं? कटकट एकच. तपासणीचं हे काम सरकारने आमच्या कंपनीला दिलंय, आणि कंपनीचा स्वतःच्याच माणसांवर भरवसा नाही. म्हणून ती मधूनच खोटे प्रवासी धाडते, सामानात नकली पिस्तूल लपवून. सापडलं तर शाबासकी, सुटलं तर घरचा रस्ता.

मंगळवारी साहेब म्हणाले, आज डोळे उघडे ठेवा. तेवढ्यात एक जाडजूड मिशीवाले गृहस्थ आले. बाकीच्या रांगा मोकळ्या, पण हे नेमके माझ्याकडे. आणि प्रश्न तरी काय! पगार किती? नोकरी कायमची का? काही व्यसन? म्हटलं, हाच तो! बोलण्यात गुंतवून माल पार करणार. मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. तोंडाने सगळं खरं सांगत गेलो (नोकरी कंत्राटी, गणवेश कंपनीचा, सरकार नुसतं लांबून बघतं) आणि हाताने त्यांचा पट्टा, बूट, मोजे उतरवत गेलो. बिचारे एका हाताने पँट सावरत उभे. काही सापडेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ते शांतपणे म्हणाले, “जावईबापू, आता मोजे घालू का?”

मावशे, मी सरकारी अधिकारी आहे असं सांगून तू ज्यांच्या मुलीशी माझं जमवत होतीस, ते हेच! विमान पकडता पकडता मुलगाही बघून घ्यावा म्हणून आले होते. (फोटो तू मुलीचा पाठवलास, बापाचा नाही.) खरा खोटा प्रवासी म्हणजे एक काठीवाल्या आजी निघाल्या. त्यांना शेजारच्या रांगेत पकडलं, म्हणून माझी नोकरी वाचली.

असो. स्थळ गेलं ते बरंच झालं. लग्नाच्या दावणीला बांधून घेणाऱ्यातला मी नव्हेच. आहे तसा मजेत आहे.

तुझा भाचा

ता. क. तरी एकदा त्यांच्याकडे जाऊन माझ्या वतीने माफी मागून ये. जमल्यास आजच. फोटो मात्र मी परत पाठवणार नाही.

आणखी एक ता. क. पत्र टाकायला निघालो, तर त्या मुलीचाच फोन. “बाबांना अनवाणी उभं केलंत म्हणे?” हो म्हटलं. “दोनदा?” हो. तिचं हसू काही थांबेना. मग म्हणाली, बाबा म्हणतात, मुलगा सरकारी नाही, पण खोटं बोलत नाही. खोटं त्याची मावशी बोलते. तेव्हा मावशे, त्यांच्याकडे गेलीस की माफी तुझी तू माग. माझं जमलंय.