विटांवरची ट्रंक

आई, आज दुपारी पुन्हा लाइट गेले. नॉटिंगहॅममध्येही जातात, हे तुला शेवटपर्यंत पटलं नाही. "साहेबाच्या देशात कसे जातील? तूच बिल भरलं नसशील," म्हणायचीस. मी खुर्चीतून न उठता तळघराकडे कान लावला. तिथल्या खड्ड्यात जमिनीतलं पाणी झिरपतं, ते एक पंप उपसून बाहेर टाकतो; लाइट गेले की बॅटरीवरचा दुसरा सुरू होतो. त्याचा आवाज जरा नाकातला. तो ऐकू आला आणि मी निवांतपणे गॅसवर चहा ठेवला.

हा दुसरा पंप नवा होता त्या ओल्या उन्हाळ्यात मी मुलीकडे क्रॉयडनला निघालो होतो. बाजारात मोज्यांचा गाळा लावून घर उभं केलेला माणूस मी. निघताना सगळ्या सॉकेटची बटणं बंद केल्याशिवाय माझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. तू दारात उभी असायचीस ना, "बटणं बघितलीस? सगळी?" तशीच सगळी बंद केली. बॅटरीच्या चार्जरचंसुद्धा; पहिल्या पंपाला बटणच नाही, तो थेट जोडलेला. त्या आठवड्यात लाइट येत-जात राहिले, बॅटरी एकदा संपली ती पुन्हा भरलीच नाही. परत येतो, दार उघडतो, तर लाइट नाहीत आणि घर एकदम गप्प. तळघराच्या पायऱ्यांवर टॉर्च मारतो, खाली काळं पाणी. आणि त्यात तुझ्या गोधड्यांची ट्रंक. शेवटची गोधडी अर्धीच आहे, सुई तशीच टोचलेली. बूट न काढता पाण्यात उतरलो. ट्रंक ठेवताना तू म्हणाली होतीस, "जमिनीला टेकवू नकोस, विटा घाल." मी हसलो होतो, "आई, हे काय धान्याचं कोठार आहे?" पण घातल्या होत्या, एकावर एक. पाणी वरच्या विटेला लागलं होतं, ट्रंकेला नाही. झाकण उघडलं, तर डांबरगोळ्यांचा कोरडा वास. तिथेच पायरीवर बसून राहिलो. तुझ्या बटणांनी बुडवलं आणि तुझ्याच विटांनी वाचवलं, भांडायचं कुणाशी?

मुलगी मघाशी फोनवर तिच्या इथे वाढलेल्या मराठीत म्हणाली, "बाबा, विकून टाका ना तो घर. तुमचा सेलर म्हणजे बेबी झालाय, सारखं बघायला लागतं." म्हटलं, "बेबी मोठी होऊन क्रॉयडनला जाते गं. तळघर कुठे जात नाही." ती हसली. हसण्याआधी जरा थांबली, तेही ऐकलं मी. मग मागे ट्राम आली आणि ती "बाय बाबा" म्हणाली.

आता लाइट आलेत. चार्जरच्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे, तू असतीस तरी बंद करू शकली नसतीस. इथे कुणालाही लाडानं 'डक' म्हणतात, तसा प्लंबर म्हणाला होता, "महिन्यातून एकदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओत, डक, पंप उठतो का बघ." मुलीला तेच सांगितलंय, महिन्यातून एकदा. तुला म्हणून सांगतो, मी रोज ओततो. दिवेलागणीला बादली घेऊन उतरतो, ओततो, आणि तुझ्या ट्रंकेला टेकून बसतो. पंप उठतो, कुरकुरतो, खालचं पाणी वर नेतो. तेवढा वेळ घरात कुणीतरी काम करतंय असं वाटतं. मग तो थांबतो. कधीकधी मी दुसरी बादली आणतो.