ला कोमची वाट

५ मार्च, रविवार

पुन्हा आले. डोक्यावर शिरस्त्राणं, अंगाला चिकटलेले कपडे, वाकडी हँडलं — वरच्या बीचच्या झाडांच्या रानातून सुसाट खाली. मी बाजूला होईपर्यंत स्कर्ट चिखलाने भरला. आणि त्यातली एक बाई मागे वळून ओरडते, "सॉरी हं, आजी!"

आजी! मी कुणाची आजी नाही. या गावची टपाल कचेरी मी सांभाळली आहे. मेयरसुद्धा तिथे टोपी काढून आत यायचा.

या सायकलींना ग्रॅव्हल म्हणतात म्हणे. चांगला डांबरी रस्ता सोडायचा आणि खडी, माती, मुळं जिथे असतील तिथे मुद्दाम घालायची. कोणीतरी फोनमधल्या नकाशावर माझ्या घरामागची वाट आखून दिली आहे. आता मोर्व्हाँचे सगळे डोंगर पालथे घालणारे माझ्याच परसामागून जाणार!

६ मार्च

स्कर्ट दोनदा धुतला. डाग आहे तो आहेच.

९ मार्च, गुरुवार

माझी शाळेपासूनची मैत्रीण फेर्नांद, तिच्याकडे जाऊन आले. ला कोमच्या वस्तीत आता तिच्या एकटीच्या धुराड्यातून धूर निघतो. याच परसामागच्या वाटेने तासाभरात पोचते मी. डांबरी रस्ता सगळ्या डोंगराला वळसा घालून जातो, आणि डोळ्यांमुळे गाडी मी केव्हाच सोडली. फोनचा काही उपयोग नाही. तिला ऐकू येत नाही. समोर बसून ओठांकडे बघितलं की मात्र सगळं कळतं. नको तेही.

"तोंड का असं?" म्हणाली.

"सायकलवाले."

"मग चांगलंच आहे की. माणसं दिसतात."

"तुला माणसं दिसतात. मला चिखल दिसतो."

"हुगेत, तू अगदी सिस्टर क्लोतिल्दसारखी बोलायला लागलीस."

हे फार लागलं. आमच्या शाळेतली सिस्टर क्लोतिल्द मुलींना हसल्याबद्दल गुडघ्यांवर उभं करायची.

१२ मार्च, रविवार

केलं एकदाचं. लाकूडतोड्यांनी टाकून दिलेल्या फांद्या ओढत आणल्या आणि वाटेच्या तोंडाशी ढीग रचला. कमरेचा काटा ढिला झाला. हेझलच्या झुडपापाशी माझ्यापुरती फट ठेवली आहे, ती माहीत नसणाऱ्याला दिसायची नाही.

दुपारी आले. थांबले. फोनमध्ये बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि आल्या वाटेने परत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. आजच्या कॉफीला चव होती.

१९ मार्च, रविवार

कोणी नाही. सुतारपक्षी ऐकू आला.

४ एप्रिल, मंगळवार

आल्याआल्या लिहायला बसले, कोटही काढला नाही.

मेयरच्या कचेरीबाहेरच्या फळ्यावर सूचना लागली आहे. ला कोमची वाट गाव विकायला काढतंय! घेणारा पॅरिसचा कोणी वकील. दोन्ही अंगाचं जंगल त्याने आधीच घेतलं आहे. बीच तोडून लाकडासाठी डग्लसची सूचिपर्णी झाडं लावणार, कवायतीला उभी केल्यासारखी, आणि वाटेच्या दोन्ही टोकांना कुलपाचं फाटक. लोकांच्या हरकती ऐकायला जिल्ह्याहून अधिकारी येणार आहे.

५ एप्रिल

मेयर झिलोला भेटले. याला मी चड्डीत पाहिलेला आहे.

"बसा ना, मादाम द्युव्हेर्न."

"बसायला नाही आले. गावाची वाट विकायला ती काय तुझ्या बापाची आहे?"

"गावाचीच आहे, म्हणून तर गाव विकतंय. वापरात असलेली वाट विकता येत नाही, कायदाच आहे तसा. पण तिथून जातं कोण? मी स्वतः बघून आलो. तोंडाशीच फांद्यांचा हा एवढा ढीग. इतके दिवस झाले, कोणी फांदी हलवलेली नाही. जंगलानेच बंद केली म्हणायची."

मी खुर्ची ओढून बसले.  मग म्हटलं, "तो ढीग मी घातला."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे तुम्हालाच ती बंद हवी होती."

"मला सायकलवाले नको होते!"

"तेही आता येत नाहीत. म्हणजे कोणीच येत नाही."

"मी जाते. दर गुरुवारी."

"एका बाईला अधिकारी लोकांची वहिवाट म्हणेल असं मला नाही वाटत, मादाम. पण सांगून बघा."

घरी येऊन जेवले नाही.

६ एप्रिल, गुरुवार

फेर्नांदला सांगितलं. ढिगाचंही सांगितलं. वाटलं होतं ओरडेल, निदान हसेल. ती माझ्या ओठांकडेच बघत राहिली, मी अजून काही बोलेन म्हणून. मग म्हणाली, "वाट बंद, म्हणजे मी बोलायचंच बंद."

९ एप्रिल, ईस्टर

सकाळी ढीग उपसायला गेले. घालताना रागाचं बळ होतं. आज एकेक फांदी दगडासारखी. पावसाने एकमेकींत गुंतून बसल्या होत्या.

मागे रस्त्यावर ब्रेक वाजले. तीच ती. आजी म्हणणारी. एकटीच होती.

"आजी, हे काय करताय? थांबा, मी धरते."

"मी आजी नाही. मादाम द्युव्हेर्न."

"बरं, मादाम. मी माएल. झाड पडलं होतं का इथे?"

"नाही. मी पडले होते. अकलेने."

सांगावं लागलं सगळं. हसेल असं वाटलं, पण तिने सायकल कुंपणाला टेकवली आणि बाह्या सरसावल्या. आठवडाभर ती ऑतूं शहरातल्या इस्पितळात नर्स असते, रविवारी हे असले उद्योग. म्हणाली, "आम्हाला वाटलं वाटच संपली. नकाशातून काढूनसुद्धा टाकली. मादाम, या भागातली सगळ्यात सुंदर उतरण आहे ही."

"उतरण तुम्हाला. मला चढण आहे."

"अधिकारी कधी येणार?"

"बावीस तारखेला."

"मग आम्ही येतो."

क्रापिओ केलं होतं, खारवलेल्या मांसाचे तुकडे घालून जाड धिरडं, सणाचं म्हणून. अर्धं तिला दिलं. उभ्याउभ्याच खाल्लं, बोटं चाटली. सिस्टर क्लोतिल्द चक्कर येऊन पडली असती.

१६ एप्रिल, रविवार

आले. एरवी परसातून पाण्याची बादली फेकावीशी वाटायची. आज दार उघडून मोजत बसणार होते, पण इतके होते की सोडून दिलं. एक टक्कल पडलेला म्हणाला, "तुम्हीच का ढीगवाल्या मादाम?" म्हणजे नाव पडलंच माझं.

२२ एप्रिल, शनिवार

अधिकारी आला. निवृत्त भूमापक, बारीक, सभ्य, पायात शहरी बूट. बरोबर झिलो. पॅरिसच्या वकिलाने माणूस पाठवला होता, त्याच्या हातात छत्री. सगळे वाट चढायला लागलो. अधिकारी दर वळणावर थांबायचा, वाकून जमीन बघायचा.

"टायरचे माग ताजे आहेत," म्हणाला.

वकिलाचा माणूस म्हणाला, "मुद्दाम बोलावलेले दिसतात."

तेवढ्यात वरून घंटी वाजली. एक, मग दुसरी, मग सगळं रानच वाजायला लागलं. अधिकारी बाजूला झाला आणि चिखलात बसला. पूर्ण. छत्रीवाला ओरडत होता. माएलने थांबून अधिकाऱ्याला हात दिला. "सॉरी हं, आजोबा!" मी देवाचे आभार मानले की हसू आवरलं.

त्याने पँट झटकली आणि माझ्याकडे वळला. "मादाम, हे लोक नेहमी येतात का? खरं सांगा."

खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"दर रविवारी यायचे," म्हटलं. "मी फांद्या टाकून त्यांना हाकललं. ईस्टरपासून पुन्हा येतात, आणि हो, आज मीच बोलावलं. पण त्यांच्याआधी मी जात होते, माझ्याआधी ला कोमची सगळी माणसं यायची, चर्चच्या मिस्साला, बाजाराला, मढी घेऊन. त्यांना बोलावता येत नाही म्हणून यांना बोलावलं."

त्याने काही लिहिलं नाही. "पुढे चला," एवढंच.

ला कोमला फेर्नांद अंगणात उभी होती. तिने त्याच्या पँटकडे बघितलं आणि न विचारता गरम पाणी आणलं. मग त्याला समोर बसवून म्हणाली, "हळू बोला. आणि माझ्याकडे बघून बोला. इथे दर गुरुवारीच कोणी बोलतं."

१२ मे, शुक्रवार

विकायची नाही! वाट वापरात आहे, असं अधिकाऱ्याने कळवलं आणि पंचायतीने मान डोलावली. झिलो स्वतः दारात आला सांगायला. टोपी काढून.

"झालं ना मनासारखं?"

"आता चौकात फलक लाव वाटेचा. आणि त्यावर लिही, पादचारी दिसला की उतरून चालावं."

"तुमच्यापुढे कोणाचं चाललंय," म्हणाला.

तो गेल्यावर खुर्चीत बसले ती बसलेच. कढ येऊन गेला.  मग उरलेली ब्लॅकबेरीची दारू काढली, एकटीनेच घेतली, दुपारीच.

१८ मे, गुरुवार

निघायच्या तयारीत होते तर फाटकाशी माएल, आज सुट्टी काढलेली, सायकल हाताने ढकलत. मागच्या कॅरिअरला सूटकेस बांधलेली. मागून काठी टेकत फेर्नांद.

"तू कशाला चढत बसतेस दर आठवड्याला," म्हणाली. "मीच राहते इथे. जागा नसेल तर सांग, वाट उघडी आहे, परत जाते."

आतल्या खोलीत झोपली आहे. घोरतेय. तिला स्वतःला ऐकू येत नाही, ते एक बरं.