‘नूर-इ-देर्या’च्या बॉयलरच्या चौदा वह्या

मी मेब्रुरे, रेशित मिस्त्रींची एकुलती मुलगी, वय तेवीस, अविवाहित, राहणार कासिमपाशा, इस्तंबूल, हे पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. वाटणीआधी एक चूक दुरुस्त करते. गेल्या वर्षी चौकशी मंडळाला मी ‘नूर-इ-देर्या’ या चिलखती युद्धनौकेच्या चाकरीची हकीकत शपथेवर लिहून दिली. तीत ‘आगवाला हालित याने पाणी कमी पडू दिले म्हणून बॉयलर फुटला’ असे आहे. ते खोटे आहे. त्या एका वाक्यामुळे त्याची विधवा झेकिये हिला निवृत्तिवेतन नाकारले गेले.

खरे असे. नौका लंडनच्या गोदीत बांधली, रशियाच्या लढाईत काळ्या समुद्रात तोफा डागून आली, आणि मग वीस वर्षे खाडीत नांगरून पडली. तोफांवर कपडे वाळत, डेकवर कांदे लावलेले. बाबा बॉयलरवर हातोडा मारून आवाजावरून पत्रा किती गंजलाय ते ओळखत. त्यांना लिहिता येत नाही. घराण्यात शाळेत गेलेली पहिली मीच. नवव्या वर्षापासून तपासणीची वही मी घरी, जेवणाच्या तबकापाशी बसून लिहिली.

“काय लिहू, बाबा?”

“कालचंच. ‘उत्तम’. आज हातोडा आरपार गेला, लाकडाची खुंटी ठोकलीय.”

“मग उत्तम कसं?”

“रंग उत्तम दिलाय, पोरी! आणि कप्तानसाहेबांना दुसरा शब्द वाचायलाच नको असतो.”

आम्ही हसलो होतो. ग्रीकांशी युद्ध जुंपले तेव्हा माझ्या अक्षरातले ‘उत्तम’ पाहून बॉयलर पेटवले. सामुद्रधुनी गाठण्याआधीच एका खुंटीपाशी पत्रा फाटला. हालितसह पाच जण वाफेने भाजून मेले. बाबा डेकवर होते म्हणून वाचले. वह्या माझ्या अक्षरात, म्हणून मंडळाने हकीकतही माझ्याकडूनच मागितली; कप्तानसाहेबांनी सांगितले ते मी सुवाच्य लिहिले.

शपथ फिरवणाऱ्याला कोठडी होते आणि मला दमा आहे, म्हणून हे मृत्युपत्र.

एक. शिवणयंत्र आणि दोन्ही बांगड्या झेकियेला. शरियतने मृत्युपत्राला मोकळ्या ठेवलेल्या, मालमत्तेच्या एक तृतीयांशाहून हे जास्त भरले तर एक बांगडी वगळावी. माझी खात्री होत नाही, काझींनी पाहावे.

दोन. उरलेले शरियतप्रमाणे बाबांचे.

तीन. चांगल्या अक्षराबद्दल कप्तानसाहेबांनी दिलेले चांदीचे कलमदान त्यांना परत करावे. रिकामे.

चार. चौदा वह्या माझ्या नव्हेत, नौकेच्या आहेत. त्या मंडळाकडे जातील. ज्या दिवशी खुंटी ठोकली, त्या दिवशीच्या ‘उत्तम’खाली मी बारीक टिंब देत असे. एकोणचाळीस टिंबे आहेत. खुंट्या अजून तिथेच आहेत, पण रंगाखालून त्या दाखवणे एकट्या बाबांनाच जमेल.

हे काल त्यांना वाचून दाखवले.

“म्हातारपणी बापाला तुरुंग दाखवणार तू?”

“मीही असेन की, बाबा.”

“तू बायकांच्या कोठडीत. माझी काय सोबत?” मग म्हणाले, “झेकियेची धाकटी चालायला लागली का गं?”

“लागली.”

“माझी मोहोर कुठं ठेवलीयस?”

साक्षीदार:
शेरीफ हाफिझ, मोहल्ल्याचे इमाम (सही)
रेशित मिस्त्री (मोहोर)

लिहून देणार: मेब्रुरे
कासिमपाशा, शुक्रवार, १७ निसान १३१४ (इसवी २९ एप्रिल १८९८)

ता. क. कचेरी उघडताच मी वह्या घेऊन मंडळापुढे उभी राहीन. बाबा हातोडा घेऊन बरोबर येतील. दिवस ठरला आहे: मंगळवार, २१ निसान.