आमच्या घरची शांत घरसभा

५ मार्च, बुधवार
आजपासून लेंट, ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास. पास्टरसाहेबानं चर्चमंदी सांगतलं का यंदा नुसतं मटण सोडून भागत नाही. रोज सकाळी देवापुढं गप्प बसा, मनातला कचरा काढा. सगळे माना हालवून राह्यलते. करणार कोणीच नाही. मी करणार. ईस्टरनंतर चर्चच्या कमिटीत नवीन माणूस घेणार हायेत. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

६ मार्च, सकाळी
बसलो. डोळे मिटले. तेवढ्यात बायकोनं, शीलानं, कुकर लावला. शिट्टीवर शिट्टी! मी शांतपणे उठलो, शांतपणे किचनमंदी गेलो आणि गॅस बंद केला. मंग वरडलो. शीला म्हणे, डाळ कच्ची राह्यली, आता डब्यात काय तुमची शांती भरून देऊ? असं बोलते हे बाई. बायबल वाचून वाचून फाडलं तिनं. फायदा काय?

१० मार्च
दुलीचंद. त्याच्या घराची न् आमच्या घराची भिंत एकच. चर्चबी एकच, हे माह्यं नशीब. सकाळी मी बसलो का हा ढोलकी घेऊन बसते न् सारं घरदार भजन गाते. देव बहिरा हाय का बाप्पा? जाऊन सांगतलं. तर हासून म्हणे, भाऊ, तुमीबी या ना आमच्यात. पाहा बरं अपमान! घरी येऊन खलबत्त्यातला बत्ता घेतला न् भिंतीवर आपटला. मन हलकं झालं.

१४ मार्च
होळी. मोहल्ल्यात डीजे. चिडलो नाही. प्रार्थना केली का लाईट जाऊ दे. गेली! डीजे जनरेटरवर होता. आमचा पंखा तेवढा बंद पडला.

१९ मार्च
मयुरीचा मोबाईल तांदळाच्या डब्यात लपवला. सकाळी टुणटुण वाजते. पोरगी रडली. कॉलेजात शिकते पण बापाशी हिंदीतच भांडते. म्हणे पापा शांत बैठते हैं तो पूरे घर को डर लगता है. वा! देवाचं भय म्हणतात ते हेच. सुरुवात तं झाली.

२४ मार्च
हापिसात धम्मपालले माह्या साधनेबद्दल सांगतलं. तो म्हणे, मीबी बसतो सकाळी, लय वर्षं झाले. मी म्हणलं, कधी बोलला नाहीस? तो म्हणे, त्यात बोलायचं काय? मंग मी त्याले चांगलं जेवणाच्या सुट्टीभर समजावलं का खरी शांतता कशी असते. एक शब्द बोलला नाही. जिंकलो.

२८ मार्च
घरात शांती उतरली. शीला चार दिवस झाले माह्याशी बोलत नाही. चहा आणते, ठेवते, जाते. मयुरी मी दिसलो का आतल्या खोलीत. कुकर नाही, मोबाईल नाही. हे फळ! दुलीचंद तेवढा बाकी हाय.

२ एप्रिल
शुक्रवारची घरसभा यंदा आमच्याकडं. लेंटमंदी दर शुक्रवारी एकेकाच्या घरी पाळी असते. सारी मंडळी येते, गाणे, प्रार्थना, मंग चहा-चिवडा. पास्टरसाहेबबी येणार. हाच मोका हाय दाखवायचा का साधना काय चीज असते. चर्चच्या ग्रुपवर मेसेज टाकला. ढोलकी आणू नये. गाऊ नये. मोठ्यानं प्रार्थना करू नये. लहान पोरं घरी ठेवावे. चिवडा कुरकुर वाजते, म्हणून अंगणात उभं राहून खावा. हे दुलीचंद यांनी विशेष वाचावे.

सगळ्यांनी वाचला. कोणी काही बोललं नाही. म्हणजे सगळे कबूल.

शीलानं आज तोंड उघडलं. म्हणे, अहो, चार वर्षांनी आपल्या घरी पाळी आली. मी दिवस मोजून राह्यली होती का घरात चार माणसं येतील, हासतील, गातील. या घरात जीव गुदमरते माहा. मेसेज परत घ्या, तुमच्या पाया पडते. मी डोळे मिटले. परीक्षा आली का अशीच येते.

४ एप्रिल, शुक्रवार, संध्याकाळ
सतरंजी अंथरली. मेणबत्ती लावली. शीला चिवड्याचा डबा घेऊन निघाली. कुठं म्हणलं, तर म्हणे, येते. मयुरी मागं मागं. वाट पाहून राह्यलो. पास्टरसाहेबाची मोटरसायकल आली. आमच्या दारावरून पुढं गेली न् दुलीचंदच्या दारात थांबली.

थोड्या वेळानं ढोलकी. सारी मंडळी तिकडं! आणि त्या सगळ्यांत शीलाचा आवाज. एवढ्या वर्षांत मले माहीत नव्हतं का ते इतकी मोठ्यानं गाते. मयुरी हासून राह्यली होती. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. बत्ता घेतला.

तेवढ्यात भजन संपलं न् दुलीचंद प्रार्थना करू लागला. प्रभू, आमच्या राजेंद्रभाऊले शांती दे, त्याले आमच्यात आण. सगळे आमेन म्हणले. शीलाचं आमेन रडतच निघालं. कोणी सांगतलं होतं यांना? मी आपटला बत्ता. आपटतच राह्यलो.

मंग ध्यानात आलं का तिकडून काहीच आवाज नाही. ढोलकी नाही, गाणं नाही. पोरंसुद्धा चूप. पास्टरसाहेबानं सांगतलं तसे सारे देवापुढं गप्प बसले होते. सगळ्या मोहल्ल्यात आवाज एकच होता. माह्या बत्त्याचा.

बत्ता खाली ठेवला.

शीलाले हाक मारावी वाटली. लय वाटली. पण हाक मारली तं त्यांची शांतता मोडंल. सतरंजीवर एकटाच बसलो हावो. भूक लागली. चिवडाबी तिकडंच.