खोक्यातला लॅपटॉप

सावदा, १२ नोव्हेंबर

प्रिय कुंदन,

पाकिटावर माझं अक्षर बघून हसशील. दिवसभर मोबाइल हातात असलेला योग्या टपालाने लिहितो म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय, असं म्हणशील. बिघडलंयच. पण मोबाइलवर मी दोन ओळी लिहिल्या की तू लगेच अंगठा पाठवतोस, आणि या वेळी मला अंगठा नको आहे. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुला उत्तर देता येऊ नये, म्हणून हे पत्र.

आधी लॅपटॉपचं सांगतो, कारण सहा महिने मी तुला त्याचंच सांगत आलोय. जूनमध्ये कळवलं, गाण्यांचं सॉफ्टवेअर अडकतंय, चार ट्रॅक एकदम वाजवले की आवाज तडतडतो. जुलैत मेमरी आठची सोळा केली. ऑगस्टमध्ये जुनी डिस्क काढून नवी बसवली, तीही स्वतःच्या हाताने. जळगावचा दुकानदार म्हणत होता, "भाऊ, राहू द्या, तुमच्याच्याने स्क्रू हरवतील." अकरा स्क्रू होते, अकराही जागेवर गेले. विंडोज नव्याने टाकलं, नको ते सगळं काढून टाकलं. यातलं काही खोटं नाही. फक्त एक गोष्ट तुला कळवली नाही. सप्टेंबरपासून लॅपटॉप झकास चालतोय. तीस ट्रॅक वाजव, हूं की चूं करत नाही.

तरीही ऑक्टोबरमध्ये मी तुला लिहिलं, "अजून अडकतोय." आणि तू लिहिलंस, "मशीन शे ते. माणूसना मायक तेबी थकस. घाई नको करू." यंत्रही माणसासारखं थकतं म्हणून तू मलाच धीर दिलास, ते वाचलं त्या दिवशी मी जेवलो नाही. तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं, निदान कुठूनतरी बाहेर पडायला वाट मिळाली असती. माझी रेकॉर्डिंगची खोली तुला माहीत आहे, दहा बाय आठ, खिडकी विटांनी बुजवलेली, दाराला आतून गादी ठोकलेली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून मीच केलेली. आता रोज तिथे जाऊन बसतो, तुझं गाणं लावतो, त्याच जागी येऊन थांबतो आणि पुन्हा लावतो. दुसरं काम घेतलेलं नाही. दीपमाला दारावर थाप मारून म्हणते, "चहा आत पाठवू, का तुम्हालाच बाहेर काढू?"

मे महिन्याच्या सोळा तारखेकडे येतो. डॉक्टरांनी तुझ्या ऑपरेशनला वीस तारीख दिली होती. गाठ स्वरयंत्रालाच धरून होती, सगळंच काढावं लागणार होतं. तू धुळ्याहून सकाळच्या एसटीने आलास, गळ्याला उपरणं गुंडाळून. हळदीची गाणी बायकांची, पण तुझ्या सुनंदाबाई मावशीला मुलगी नव्हती म्हणून तिने ती तुला शिकवली. सोनगीरच्या शाळेत आपली सगळी पोरं तुला "कुंदनबाई, हळद लावायला चला" म्हणून चिडवायची. मीही चिडवायचो. त्यातली पाच गाणी तुला लेकीसाठी, मयुरीसाठी ठेवायची होती. म्हणालास, "तिच्या हळदीला मी असेन, पण माझा गळा नसेल. तेवढं तू सांभाळ."

मी सांभाळायला बसलो. बाहेर सेहेचाळीस डिग्री. कूलर बंद, पंखा बंद, कारण त्यांची घरघर माइकमध्ये येते. राहिला लॅपटॉपचा स्वतःचा पंखा. त्यासाठी मी एप्रिलमध्ये लाकडी खोकं बनवलं होतं, आतून गोधडीचे तीन पदर, पुढे वायरीपुरती फट. तुला किती कौतुकाने दाखवलं होतं ते! मुंबईच्या स्टुडिओवाल्यांनाही असं सुचलं नसेल, असंही म्हणालो होतो. दीपमालाने तेव्हाच हटकलं होतं, "आपण मे महिन्यात गोधडी पांघरून बसतो का? मग त्या बिचाऱ्याला कशाला?" मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही.

तिला कळत होतं. सप्टेंबरमध्ये मी मुद्दाम घड्याळ लावून पाहिलं. खोक्याचं झाकण लावल्यावर अकराव्या मिनिटाला लॅपटॉप इतका तापतो की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपली चाल कमी करतो. मग आलेला आवाज त्याला लिहून घेता येत नाही, मधले तुकडे गळतात. सॉफ्टवेअर तशी सूचना देतं. ती मधेमधे येते म्हणून मी कधीचीच कायमची बंद करून ठेवली होती. आणि हेडफोनमध्ये मी तुला थेट माइकवरून ऐकत होतो. मला सगळं अखंड ऐकू येत होतं, डोळ्यांत पाणी आणणारं. डिस्कवर मात्र ते तसं उतरत नव्हतं.

पाच गाण्यांत त्रेचाळीस ठिकाणी तू नाहीस. सगळ्यात लहान जागा पापणी लवण्याइतकी, सगळ्यात मोठी सव्वा सेकंदाची, आणि ती नेमकी मयुरीचं नाव येतं तिथे. नव्या मेमरीने, नव्या डिस्कने ते परत येणार नव्हतं, हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. तरी मी एकेक सुटा भाग बदलत राहिलो.

गेल्या आठवड्यात चंदन आला होता, माझा पुतण्या, पुण्यात संगणकाचं शिकतो. म्हणाला, "काका, कुंदनकाकांचा आवाज कॉम्प्युटरला ऐकवू, तो गाळलेलं भरून देईल. कुणाला कळणारही नाही." एका जागी करून पाहिलं. खरंच कळत नव्हतं. तुझ्याच गळ्यातून, तुझ्याच हेलात मयुरीचं नाव आलं. मी चार वेळा ऐकलं आणि खूष झालो, हे तुझ्यापासून लपवत नाही. पुढच्या महिन्यात हळद आहे, पेन ड्राइव्ह तुझ्या हातात ठेवला असता आणि सुटलो असतो. पण त्या मांडवात तू बसलेला असशील, आणि जे नाव तू गायलंच नाहीस ते लेकीबरोबर ऐकून डोळे पुसशील. ते मला बघवलं नसतं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. त्या दिवशी पाचवं गाणं झाल्यावर तू घाम पुसत म्हणालास, "योग्या, एकडाव आयकाड ना रे. बठ्ठं बरोबर शे ना?" दुपारचे सव्वादोन वाजले होते, तुझी एसटी पाचची होती. मी म्हणालो, "कच्चं काम मी कुणाला ऐकवत नाही. पूर्ण झालं की ऐक." तेव्हा लावलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. तुझा गळा अजून चार दिवस होता. तू पुन्हा गायला असतास. मी फाइल उघडली ती सत्तावीस तारखेला. कुंदन, लॅपटॉपने काही केलं नाही, मी केलं. सहा महिने मला तुझ्याकडे माफी मागायची नव्हती, मला दुरुस्त करून दाखवायचं होतं. ते होत नाही. शुक्रवारी धुळ्याला येतोय. पाचही गाणी जशी आहेत तशी तुला ऐकवीन, मयुरीलाही बसव. पुढे काय करायचं ते तुम्ही दोघं सांगा. आणि दार उघडावंसं वाटलं नाही तर नको उघडूस, मी समजेन.

तुझाच,
योगेंद्र