फोनवर दिलेले पाच तारे

रोहणा, मंगळवार

प्रिय सुरभी,

तुले पोटभर आशीर्वाद. पाकीट पाहून घाबरू नको, घरी सगळे खुशाल आहेत, तुझा बाबा बी आणि म्हैस बी. फोन असताना आजीनं पत्र काऊन लिहिलं, असं तुले वाटन. तर फोन तुझ्या बाबाचा. मले फोनवर ऐकू कमी येते म्हणून बबन स्पीकर लावून देते आणि बाजूलेच बसून राह्यते. मले जे सांगायचं ते तुले एकटीलेच सांगायचं आहे. तो दुपारी वावरात गेला का मी ओट्यावर बसून दोन-चार ओळी लिहिते, आज तिसरा दिवस आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची. मास्तरनं पत्र लिहाले शिकवलं ते शुद्ध भाषेतलं, पण हात आपल्या बोलीवरच जाते, समजून घेजो. तुझ्या साक्षगंधाले, तुमच्या पेपरातल्या भाषेत साखरपुड्याले, बारा दिवस राह्यले. तुझी माय साड्या काढते, घड्या मोडते, परत ठेवते. सगळ्यात जास्त मीच नाचून राह्यली होती. पण गुरुवारपासून जिवाले चैन नाई. मले मधातूनच काही सांगता येत नाई, सुरुवातीपासून सांगा लागते, तर बैस.

समोरचं प्रफुलचं कटिंगचं दुकान तुले माहीत आहे. तिथं आता गिऱ्हाईक कमी आणि पंचाईत जास्त. भिंतीवर त्यानं शाळेतला जुना फळा टांगला, त्यावर खडूनं एक ते दहा आकडे टाकले, आणि त्या आकड्यांसमोर पिक्चरची नावं. कोणता पिक्चर पहिला, कोणता दुसरा, यावर रोज भांडण. मागं एका पोरानं चौथ्या नंबरचा पिक्चर पुसून आपल्या आवडीचा लिहिला, तर अर्ध्या दाढीवर उठून दुसरा त्याच्या अंगावर धावला. साबण लावलेलं तोंड घेऊन भांडून राह्यले, मी ओट्यावर हसून हसून बेजार. मले त्यातलं काही समजत नाई. मी जल्मात दोनच पिक्चर पाह्यले, तेही आर्वीले, तंबूतल्या थेटरात. एकात तुझे आजोबा ढसाढसा रडले. बाहेर आले, नाक पुसलं आणि सगळ्यायले सांगत सुटले का काही दम नाई, पैसे वाया गेले. तेव्हापासून मले माहीत आहे का माणसाले पिक्चर कसा वाटला हे त्याच्या तोंडावरून विचारू नये.

दर शनिवारी तुझं नाव पेपरात येते तो माझा सण. अक्षरं बारीक, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून पेपर घेऊन मी प्रफुलकडे जाते आणि तो मोठ्यानं वाचते. आधी दुकानात सगळे कौतुक करत. आजी, तुमची नात नागपूरच्या पेपरात पिक्चरवर लिहिते, मोठी झाली. मग तो लांब केसाच्या हिरोचा नवा पिक्चर आला. या पोरायनं तो लागायच्या आठ दिवस आधीच फळ्यावर एक नंबरले लिहून ठेवला होता, पाह्यल्याबिगर. आणि शनिवारी तुझा दीड तारा. सुरभी, मले आधी समजलंच नाई का ताऱ्याचे अर्धे तुकडे करता येतात, भाकरीसारखे. दुकानात नुसती आग लागली. एक म्हणे विरोधी हिरोवाल्यानं पैसे चारले. दुसरा म्हणे पेपरवाल्यायचं काही खरं नसते, त्यायले रडका पिक्चरच चांगला वाटते. प्रफुल सगळ्यात जास्त तापला. मले म्हणे, आजी, दीड तारा? इतका तर आमच्या ग्रामपंचायतीच्या नळाले बी देता येते.

पण त्यानं पुरतं वाचून दाखवलं. त्यात तू लिहिलं होतं का हा हिरो पडद्यावर आला का बाकीचे सगळे त्याच्याकडे पाहत उभे राहतात, त्यांना दुसरं कामच दिलेलं नाही. ही ओळ प्रफुलनं वाचली आणि एकदम थांबला. मग पेपर घडी करून मले देला.

रविवारी पोरं सहा जण आर्वीले जाऊन पिक्चर पाहून आले. मी मुद्दाम ओट्यावर बसली होती. जाताना शिट्ट्या मारत गेलते, येताना चूप. कोणीच सांगेना कसा होता. सोमवारी सकाळी मी पाह्यलं, प्रफुलनं इकडं तिकडं पाहून बाहीनं फळा पुसला आणि तो पिक्चर पहिल्यावरून सहाव्यावर नेला. तुझं खरं होतं असं तो मेला तरी म्हणणार नाई. शिव्या बी चालूच आहेत. पण शनिवार आला का पेपर माझ्या हातात यायच्या आधीच त्याच्या हातात राह्यते.

आता गुरुवारचं. आपले होणारे जावई अंकुशराव आलते, मांडवाचं बोलाले. जाम गावावरून इतक्या दूर गाडी घेऊन आले, तुझा बाबा वावरात. मी म्हटलं बसा, बोलावून घेते. ते म्हणे तोवर दाढी करून येतो समोर. पोरगा दिसाले देखणा, रीतभात बी चांगली, दारात पाय ठेवताच माझ्या पाया पडला. हायवेवर त्यायचं टायरचं दुकान चांगलं चालते, हे तुले ठाऊकच आहे. मले इतका आनंद झाला का मी सुनेले म्हटलं, चहा मीच नेते जावयाले. वेलदोडा कुटून टाकला. कपबशी धरून रस्ता ओलांडला आणि प्रफुलच्या दुकानाच्या पडद्याशी पोचली. आतून पोरायचा आवाज. ते अंकुशरावाले सांगून राह्यले होते का तुमची होणारी बायको आमच्या हिरोच्या मागं लागली, दीड तारा देते, काही समजावा. मी मनात म्हटलं आता मजा येते, पाहू जावई काय उत्तर देते.

ते हसले आणि म्हणाले, “साक्षगंध होऊ द्या फक्त. पुढच्या पिक्चरले पाच तारे मी देववतो. नाई देले तर लिहिणंच बंद.”

पोरायनं टाळ्या वाजवल्या. मी पडद्याच्या फटीतून पाह्यलं. ते खुर्चीवर ऐटीत, तोंडाले साबण, आणि बाकीचे सगळे त्यायच्याकडे पाहत उभे. मले तुझी ती ओळ आठवली. आणि मग असं वाटलं का यात सुरभी कुठं उभी राहीन, तिले कोणतं काम देतील.

प्रफुलनं वस्तरा खाली ठेवला. त्यानं टाळी वाजवली नव्हती. म्हणे, “मग आमी वाचायचं काऊन?”

अंकुशरावानं आरशात पाहून म्हटलं, अरे गंमत केली. हे मी लपवत नाई, गंमत केली असं ते म्हणाले. मी चहा देला. त्यावर साय धरली होती. ते परत पाया पडले आणि चहा फार मस्त झाला म्हणाले.

त्या दिवशी मी बबनले सांगून पाह्यलं. तो म्हणे, माय, चार पोरायत माणूस असंच बोलते, तू मनाले लावून घेऊ नको, पत्रिका छापाले गेल्या. असन बी. मी वाईट पाहतच बसली असं होऊ शकते. ताप आल्यासारखं डोकं तेच तेच घोळवते. ताटावर बसली का आठवते, कापूस वेचणाऱ्या बायायले पाणी द्याले गेली का आठवते. आणि त्याच्यासोबत दुसरंही आठवते, जे मी आजवर कोणाले सांगितलं नाई.

आपल्या शेजारच्या प्रमिलाबाईचा पोरगा रोशन. त्याच्या लग्नाच्या वेळी केळझरची माणसं गावात चौकशीले आलती. आपल्याकडं रीतच आहे, पोरीवाले गावात येतात, चार घरी चहा घेतात आणि पोराचं विचारतात. चारही घरी एकच उत्तर मिळते. कोणाची सोयरीक आपल्या तोंडानं काऊन मोडा, असं म्हणून सगळे चांगलंच सांगतात. माझ्या ओट्यावर बसून त्या पोरीच्या बापानं विचारलं, काकू, पोरगा कसा आहे? भिंतीपलीकडून रोज भांडी फेकल्याचा आवाज मी ऐकत होती. मी म्हटलं, सोन्यासारखा. तिसऱ्या वर्षी ती पोरगी, वर्षाली, एक पिशवी घेऊन परत माहेरी गेली. एसटीची वाट पाहत आपल्याच ओट्यावर बसली होती. पाणी मागितलं, प्यायली, गिलास विसळून पालथा ठेवला.

म्हणून हे पत्र, सुरभी. मागच्या महिन्यात तू फोनवर मले विचारलं होतं का आजी, बाबा तर हो म्हणतेच, तू सांग मुलगा कसा आहे, मले तुझ्यावर भरवसा आहे. तेव्हा मी त्यायले एकदाच पाह्यलं होतं, तेही पाया पडतानाची पाठ. स्पीकर चालू होता, बबन बाजूले बसला होता, आणि मी म्हटलं, सोन्यासारखा. प्रफुलच्या दुकानातल्या पोरायनं पिक्चर पाह्यल्याबिगर एक नंबरले लिहिला होता, तसंच मी केलं. प्रफुलनं निदान बाहीनं पुसलं. मी तोंडानं बोलली, ते पुसाले दुसरं काही नाई म्हणून लिहून पाठवते, माझं ते सोनं तू खोडून टाक. मोडून टाक असं मी म्हणत नाई, आणि गंमत नव्हती असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाई. जे पडद्याच्या फटीतून दिसलं तितकं लिहिलं. पुढचं तू स्वतः समोर बसून पाह्य, त्यायले विचार, आणि जितके तारे तुले दिसतील तितकेच दे. कमी पडले तर फोन कर आणि स्पीकर चालू आहे हे माहीत असून बोल. बबन बाजूले बसला राहीन, त्याच्यासमोर मी बोलीन. या खेपेले चांगलंच सांगणार नाई, खरं सांगीन.

पाकीट प्रफुल आर्वीले जाऊन टाकणार आहे. आत काय आहे ते त्यानं विचारलं नाई.

न पाहता पाच तारे देणारी, पण तुझीच,
देवकाआजी